सिमँटिक मॉडेल तपासायचं कसं, वापरायचं कसं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

विक्री, हिशोब आणि साठ्याच्या डेटावर पॉवर बीआय या मायक्रोसॉफ्टच्या रिपोर्ट बनवण्याच्या साधनात काम करणाऱ्यांकडून जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, ते इथे एकत्र केले आहेत. उदाहरणं सगळी एकाच प्रकारच्या धंद्यातली घेतली आहेत: बिलं टॅलीत होतात, माल डीलरांमार्फत महाराष्ट्रभर जातो आणि मालकांना सकाळी आकडे लागतात. लुकर किंवा डीबीटी यांसारख्या दुसऱ्या डेटा-साधनांवर काम करणाऱ्यांनाही यातलं बरंचसं लागू पडेल. एका उत्तरात आलेली गोष्ट दुसरीकडे पुन्हा लिहिलेली नाही, प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. सिमँटिक मॉडेल म्हणजे नेमकं काय? एक्सेलच्या मोठ्या शीटपेक्षा त्यात वेगळं काय असतं?

शीटमध्ये डेटा असतो, मॉडेलमध्ये डेटाचा अर्थही लिहिलेला असतो. कोणतं टेबल कशाशी जोडलंय, निव्वळ विक्री काढताना काय काय वजा करायचं, वर्ष एप्रिलला सुरू होतं की जानेवारीला, कोणत्या माणसाने कोणत्या विभागाचे आकडे पाहायचे, हे एकदाच एका जागी ठरतं. मग त्यावर बनणारा प्रत्येक रिपोर्ट आणि प्रत्येक पिव्हट तेच नियम पाळतो. कल्पना जुनी आहे. १९९० मध्ये फ्रान्समध्ये सुरू झालेल्या बिझनेस ऑब्जेक्ट्सने हाच थर 'युनिव्हर्स' या नावाने लोकांपर्यंत नेला. मायक्रोसॉफ्टकडे डॅक्स ही सूत्रांची भाषा एक्सेल २०१० साठीच्या पॉवरपिव्हटबरोबर आली आणि पुढे पॉवर बीआयने तीच उचलली.

२. पॉवर बीआयमधला 'डेटासेट' कुठे गेला?

कुठेही गेला नाही. नोव्हेंबर २०२३ मध्ये मायक्रोसॉफ्टने त्याचं नाव बदलून 'सिमँटिक मॉडेल' केलं. जुन्या व्हिडिओत आणि नोट्समध्ये डेटासेट असं जिथे म्हटलंय, तिथे हेच समजा.

३. टॅलीतून सगळं एकाच लांबलचक टेबलात येतं. तेच थेट वापरलं तर काय बिघडतं?

सुरुवातीला काहीच बिघडत नाही, म्हणून तर लोक त्यात अडकतात. अडचण दुसरा विषय जोडायच्या वेळी येते. विक्रीच्या टेबलात डीलरचं नाव आहे, उद्दिष्टांच्या शीटमध्येही आहे आणि वसुलीच्या शीटमध्येही आहे. आता तिन्ही एका तक्त्यात कसे आणायचे? त्यासाठी डीलर, माल, तारीख, ठिकाण यांची स्वतंत्र टेबलं लागतात आणि विक्री, उद्दिष्ट, वसुली ही व्यवहारांची टेबलं त्यांना जोडली जातात. डेटा मांडणीचे तज्ज्ञ राल्फ किंबॉल यांनी रुजवलेला स्टार स्कीमा तो हाच, आणि पॉवर बीआयचं इंजिन या मांडणीवर उत्तम चालतं.

आणखी एक तोटा सहज लक्षात येत नाही. ज्या डीलरने या महिन्यात काहीच घेतलं नाही, तो विक्रीच्या टेबलात नसतोच. मग 'कोणी माल उचलला नाही?' या प्रश्नाचं उत्तर त्या टेबलातून निघणार कसं? विक्रीखात्याला बहुतेक वेळा हवं असतं ते नेमकं हेच उत्तर.

४. कंपनीकडे डेटा वेअरहाउस आहे. मग हा आणखी एक थर कशाला?

वेअरहाउसमध्ये, म्हणजे सगळ्या विभागांचा डेटा एकत्र साठवण्याच्या जागेत, स्वच्छ केलेल्या ओळी असतात. टक्केवारी, मागच्या वर्षीशी तुलना, वर्षारंभापासूनची बेरीज या गोष्टी मात्र वापरणाऱ्याने कोणता फिल्टर लावलाय त्यानुसार त्या क्षणी काढाव्या लागतात. ते काम मॉडेलचं. स्वच्छतेचं काम जितकं खाली, म्हणजे वेअरहाउसमध्ये, होईल तितकं मॉडेल हलकं राहतं.

५. नफ्याची टक्केवारी कॉलममध्ये काढू की मेझरमध्ये?

मेझरमध्ये, म्हणजे फिल्टरनुसार त्या क्षणी उत्तर काढणाऱ्या सूत्रात. कारण आकड्यांवरच पाहा. एक बिल १,००० रुपयांचं, नफा ३००, म्हणजे ३० टक्के. दुसरं ९,००० रुपयांचं, नफा ९००, म्हणजे १० टक्के. कॉलममध्ये टक्केवारी काढून तिची सरासरी घेतली की २० टक्के येतात. खरा नफा १०,००० वर १,२००, म्हणजे १२ टक्के. आधी दोन्ही बेरजा, मग भागाकार, हा क्रम फक्त मेझर पाळतं. कॉलम ओळीपुरतं पाहतो. ज्याने गट पाडायचे किंवा फिल्टर लावायचा (बिलाचा आकारगट, मालाचा प्रकार), ते कॉलममध्ये ठेवा.

६. 'विक्री' हा एकच आकडा तीन रिपोर्टमध्ये तीन प्रकारे येतो. कोणता खरा धरायचा?

बहुतेक वेळा तिन्ही बरोबर असतात आणि तिघांना वेगवेगळी गोष्ट मोजायची असते. विक्रीखात्याची विक्री म्हणजे ऑर्डर. गोदामाची विक्री म्हणजे गाडीत भरलेला माल. हिशोब विभागाची विक्री म्हणजे जीएसटीशिवायची करपात्र रक्कम, वजा क्रेडिट नोटा. मॉडेल बनवणाऱ्याने यातली एक स्वतःच्या मनाने निवडून तिला नुसतं 'विक्री' हे नाव दिलं, की पुढचे सहा महिने बैठकीत वाद होतात.

म्हणून डॅक्सची एकही ओळ लिहिण्याआधी व्याख्या कागदावर आणा, आणि ती साध्या वाक्यांत लिहा. जीएसटी धरला का? योजनेतला फुकट माल शून्य किमतीने येतो, तो नगांत मोजायचा का? गाडीभाडं बिलात वेगळं लावलं असेल तर ते विक्रीत येतं का? परत आलेला माल कोणत्या महिन्यात वजा होतो, मूळ बिलाच्या की क्रेडिट नोटेच्या? रद्द झालेली बिलं? ई-इन्व्हॉइस पोर्टलवर २४ तासांतच रद्द होतं आणि त्यानंतर क्रेडिट नोट काढावी लागते, म्हणजे एकाच चुकीच्या दोन वेगळ्या खुणा डेटात सापडतात. हे प्रश्न हिशोब विभागासमोर बसूनच सुटतात.

मग नावंही तशीच स्पष्ट ठेवा: 'ऑर्डर रक्कम', 'पाठवलेला माल', 'निव्वळ विक्री जीएसटीशिवाय'. नावं लांबली तरी चालेल. मेझरला वर्णनाची जागा असते, व्याख्या तिथेही लिहून ठेवा. अनेकांना हे कागदपत्रांचं काम वाटतं. मला ते मॉडेलिंगमधलं सर्वात महत्त्वाचं काम वाटतं, कारण व्याख्या लिहिलेलीच नसेल तर कोणतीही तपासणी करता येत नाही. बरोबर कशाला म्हणायचं हेच ठरलेलं नसतं.

७. मॉडेल तयार झालं. आता तपासणी कुठून सुरू करू?

बंद झालेल्या महिन्यापासून. चालू महिना घेऊ नका, तो रोज हलतो. हिशोब विभागाने ज्या महिन्याचं जीएसटी विवरण भरलंय असा महिना निवडा आणि त्यांच्याकडून आकडा लेखी मागून घ्या: टॅलीच्या विक्री नोंदवहीतली करपात्र रक्कम, क्रेडिट नोटांची रक्कम, बिलांची संख्या. हा आकडा मॉडेलमधून काढलेला नसावा, दुसऱ्या वाटेने आलेला असावा. त्याच डेटावर दुसरं सूत्र लिहून जुळवलं, तर फक्त दोन सूत्रं जुळली एवढंच कळतं.

यानंतर तीन पातळ्यांवर पाहा. पहिली एकूण बेरीज. दुसरी तुकड्यांची: डेपोनुसार, मालाच्या प्रकारानुसार, डीलरनुसार. तिसरी पातळी सुट्या बिलांची, आणि इथे बिलं डोळे मिटून उचलू नका. मुद्दाम अवघड निवडा: एक परतीचं, एक रद्द झालेलं, एक सवलतीचं, एक फुकट मालाचं, एक गाडीभाडं लावलेलं, एक ३१ मार्चचं आणि एक १ एप्रिलचं, एक जीएसटी क्रमांक नसलेल्या ग्राहकाचं. बिलाचा कागद एका हातात धरून मॉडेलमधली तीच ओळ पाहा. दोन तासांचं काम आहे. पण प्रश्न ६ मधली व्याख्या सूत्रात खरोखर उतरली का, हे यातूनच कळतं.

जुळलेले आकडे फेकून देऊ नका. मॉडेलमध्येच एक छोटं टेबल ठेवा: महिना, मेझरचं नाव, अपेक्षित आकडा, कोणी दिला, कधी दिला. लपवलेल्या एका पानावर अपेक्षित, प्रत्यक्ष आणि फरक असे तीन कॉलम दिसू देत. बंद झालेल्या महिन्याचा आकडा पुढे कधीही हलला, तर मागे कोणीतरी जुनं व्हाउचर उघडलंय किंवा मॉडेलमध्ये काहीतरी मोडलंय. दोन्ही गोष्टी त्याच दिवशी कळायला हव्यात.

८. एकूण बेरीज रुपयाला रुपया जुळली. तेवढं पुरे ना?

नाही. एका डेपोची विक्री चुकून दुसऱ्याच्या नावावर पडली तरी एकूण बेरीज जुळतेच.

तुकड्यांच्या पातळीवर 'रिकामी' नावाची ओळ दिसते का, ते आधी पाहा. विक्रीच्या टेबलात एखादा डीलर कोड आहे आणि डीलरांच्या यादीत तो नाही, असं झालं की इंजिन यादीच्या बाजूला एक रिकामी ओळ स्वतःहून धरतं आणि ती विक्री तिथे दाखवतं. ही ओळ फिल्टर लावून लपवण्याची सवय फार वाईट. ती दोष दाखवणारी ओळ आहे. यादी दुरुस्त करा, ती आपोआप जाते.

याहून अवघड प्रकार असा, की रिकामी ओळ येतच नाही आणि विक्री मात्र गायब होते. रिलेशनशिप, म्हणजे दोन टेबलांमधली जोडणी, अनेक-ते-अनेक असेल (दोन्हीकडे तोच कोड एकाहून जास्त वेळा), किंवा एक टेबल इम्पोर्टमधलं (डेटा मॉडेलमध्ये आणून ठेवलेलं) आणि दुसरं डायरेक्टक्वेरीतलं (दर वेळी मूळ डेटाबेसला विचारणारं) असेल, तर न जुळणाऱ्या ओळी गट पाडताना गळून पडतात. खालच्या एकूण रांगेत आकडा पूर्ण, वरच्या रांगांची बेरीज कमी. डायरेक्टक्वेरीत रिलेशनशिपवर 'रेफरेन्शियल इंटिग्रिटी गृहीत धरा' (प्रत्येक कोड यादीत आहेच असं माना) ही खूण असेल आणि डेटा तसा नसेल, तरीही ओळी अशाच गळतात. म्हणून न जुळणारे कोड मोजणारं एक मेझर कायमचं ठेवा. त्याचं उत्तर शून्य यायला हवं.

९. नावं डोळ्यांना अगदी सारखी दिसतात, तरी जुळत नाहीत. असं का?

अक्षरं सारखी दिसली तरी आतले संकेत वेगळे असू शकतात. मराठीत याचं पक्कं उदाहरण म्हणजे 'कऱ्हाड'. यातला अर्धा र दोन प्रकारे टंकित होतो: कोणी ऱ वापरतं, कोणी साध्या र ला हलन्त देऊन पुढे न दिसणारं जोडचिन्ह घालतं. पडद्यावर फरक कळत नाही, डेटा आणून स्वच्छ करणाऱ्या पॉवर क्वेरीच्या लेखी मात्र ती दोन वेगळी नावं असतात. नावाच्या शेवटी राहिलेली रिकामी जागा हे नेहमीचं दुखणं आहेच.

इंग्रजी नावांत उलटा पेच पडतो. पॉवर क्वेरी लहान-मोठी अक्षरं वेगळी मानते, मॉडेल तीच एक मानतं. तिथे एकेकच वाटणारी यादी इथे 'दुबार मूल्य' म्हणून अडते. इलाज एकच: नावावर जोडू नका, कोडवर जोडा. गावं, तालुके, जिल्हे यांच्यासाठी केंद्र सरकारच्या लोकल गव्हर्नमेंट डिरेक्टरीचे कोड आयते मिळतात.

१०. आकडा चार-पाच रुपयांनीच चुकतोय. सोडून द्यावा का?

कारण सापडेपर्यंत सोडू नका. बहुधा टॅलीतलं राउंड ऑफचं लेजर असतं: बिलाची रक्कम पूर्ण रुपयात आणली जाते आणि वरखाली झालेले पैसे त्या लेजरला जातात. ते विक्रीत धरायचे की नाही हे व्याख्येत लिहा. दुसरं कारण, रकमेच्या कॉलमचा प्रकार. पैशांसाठी चार दशांशांचा ठरावीक प्रकार, म्हणजे 'फिक्स्ड डेसिमल', घ्या. कारण कळल्यावर फरकाची मर्यादा ठरवून ती लिहून ठेवायला हरकत नाही.

११. एकूण रांगेतला आकडा वरच्या रांगांच्या बेरजेएवढा येत नाही. सूत्र चुकलंय ना?

ग्राहकसंख्येसारखं मेझर असेल तर सूत्र बरोबर आहे. एकाच डीलरने एप्रिलमध्येही माल घेतला आणि मेमध्येही, तर तो दोन्ही महिन्यांत एकेकदा मोजला जातो आणि दोन महिन्यांच्या एकूण रांगेतही एकदाच. इथे बेरीज न जुळणं हेच बरोबर. प्रश्न ५ मधली टक्केवारीही याच जातीची. बैठकीत हा प्रश्न हमखास येतो, तेव्हा मेझरच्या वर्णनात एक वाक्य आधीच घालून ठेवा. न जुळण्याचं कारण गळालेल्या ओळी असतील तर मात्र प्रश्न ८ पाहा.

१२. साठ्याची तीन महिन्यांची बेरीज होतेय. ती थांबवायची कशी?

साठा गोदामांमध्ये मिळवता येतो, दिवसांमध्ये नाही. सांगलीच्या गोदामातल्या २०० पेट्या आणि सोलापूरच्या ३०० मिळून ५०० होतात. सोमवारच्या २०० आणि मंगळवारच्या २०० मिळून ४०० मात्र होत नाहीत. त्यामुळे काळाच्या दिशेने शेवटच्या दिवसाचा साठा घेणारं मेझर हवं. तपासताना असा माल निवडा ज्याची महिनाअखेरीला नोंदच नाही. 'शेवटचा दिवस' म्हणजे कॅलेंडरचा की नोंद असलेला, हे ठरलं नसेल तर तिथे साठा रिकामा दिसतो आणि वाचणारा माल संपला असं समजतो. देणेकऱ्यांची बाकी आणि बँकेतली शिल्लक यांनाही हाच नियम.

१३. आपलं वर्ष एप्रिल ते मार्च. पॉवर बीआय जानेवारीपासून मोजतं, काय करू?

वर्षारंभापासूनची बेरीज काढणाऱ्या फंक्शनला वर्षअखेर सांगितली नाही तर ते ३१ डिसेंबर धरतं. तिथे ३१ मार्च द्या. स्वतःचं तारखांचं टेबल बनवा, ते 'डेट टेबल' म्हणून चिन्हांकित करा, आणि त्यात प्रत्येक दिवस एकदाच, खंड न पडता, पूर्ण वर्षांचा असू द्या. आपोआप तारखा बनवणारी सोय बंद करा. ती प्रत्येक तारीख-कॉलममागे एक लपलेलं टेबल तयार करते आणि मॉडेल फुगवते.

तपासणी सोपी आणि अचूक आहे. १ एप्रिलला वर्षारंभापासूनची विक्री त्या एकाच दिवसाच्या विक्रीइतकी यायला हवी आणि ३१ मार्चला ती पूर्ण वर्षाइतकी. तिमाही एप्रिल ते जून ही पहिली येते का, तेही पाहून घ्या.

१४. मागच्या वर्षीच्या ऑक्टोबरशी तुलना केली की भलतीच वाढ किंवा घट दिसते. मॉडेल चुकतंय का?

गणित बरोबर असतं, पण तुलना चुकीच्या दोन गोष्टींची होत असते. २०२३ मध्ये लक्ष्मीपूजन १२ नोव्हेंबरला होतं, २०२४ मध्ये १ नोव्हेंबरला, २०२५ मध्ये २१ ऑक्टोबरला. दिवाळीचा माल डीलर दोन-तीन आठवडे आधी उचलतात, त्यामुळे तो कधी ऑक्टोबरच्या सुरुवातीला पडतो, कधी शेवटाला, तर कधी थेट सप्टेंबरमध्ये. तारखांच्या टेबलात 'दिवाळीला किती दिवस उरले' असा एक कॉलम घाला आणि सणाच्या हंगामाची तुलना त्यावर करा. मिठाई, कपडे, फटाके, रंग यांच्या धंद्यात या एका कॉलमशिवाय वार्षिक तुलना दाखवूच नये, असं माझं ठाम मत आहे.

दुसरं कारण अर्धवट महिना. चालू महिन्याचे १० दिवस मागच्या वर्षीच्या पूर्ण महिन्यासमोर उभे राहतात. तुलना शेवटच्या बिलाच्या तारखेपर्यंतच थांबवा.

१५. डेस्कटॉपवर 'आजची विक्री' बरोबर येते, ऑनलाइन मात्र सकाळी लवकर पाहिलं तर कालची तारीख दिसते. हे काय?

पॉवर बीआय सर्व्हिसमध्ये, म्हणजे ऑनलाइन, 'आज' ठरतो तो यूटीसी या जागतिक प्रमाणवेळेनुसार, आणि आपण तिच्या साडेपाच तास पुढे आहोत. त्यामुळे मध्यरात्रीपासून पहाटे साडेपाचपर्यंत तिथे कालचाच दिवस असतो. यूटीसीची वेळ देणारं फंक्शन वापरून त्यात साडेपाच तास मिळवा, म्हणजे उत्तर दोन्हीकडे सारखं येईल. रिपोर्टवर शेवटच्या रिफ्रेशची (डेटा ताजा झाल्याची) वेळ छापत असाल तर तिलाही हेच लागू.

१६. २२ सप्टेंबर २०२५ ला जीएसटीचे दर बदलले आणि आमच्या जुन्या महिन्यांचा कर बदलला. कुठे चुकलं?

कराचा दर मालाच्या टेबलात ठेवलेला असणार. अंगाच्या साबणाचा दर त्या दिवशी १८ वरून ५ टक्के झाला. यादीत १८ पुसून ५ लिहिले, की ऑगस्टमधल्या १०० रुपयांच्या मालावरचा करही १८ ऐवजी ५ रुपये दिसू लागतो. बिलाच्या ओळीवर जो दर लागला तो बिलाच्या ओळीवरच राहिला पाहिजे. किंमत, सवलत आणि कमिशनचा टक्का यांचंही तसंच. प्रश्न ७ मधलं अपेक्षित आकड्यांचं टेबल असतं तर हा दोष पुढच्या रिफ्रेशलाच पकडला गेला असता.

१७. जिल्ह्याचं नाव बदलतं, कधी जिल्हाच विभागला जातो. जुन्या विक्रीचं काय करायचं?

या दोन वेगळ्या घटना आहेत. उस्मानाबादचं धाराशिव झालं, अहमदनगरचं अहिल्यानगर झालं. प्रदेश तोच, नाव नवं. इथे यादीत नाव बदलून टाका, जुन्या विक्रीलाही नवं नाव लागू द्या. कोड तोच राहिल्याने काही तुटत नाही. नवी नावं आल्यावर त्याच जिल्ह्याच्या दोन ओळी तर झाल्या नाहीत ना, एवढं पाहा.

१ ऑगस्ट २०१४ ला ठाण्यातून पालघर वेगळा झाला, ती गोष्ट निराळी. तेव्हाची वसईची विक्री ठाण्यात दाखवायची की पालघरमध्ये? दोन्ही उत्तरं उपयोगी आहेत. तेव्हाच्या ठाण्याच्या उद्दिष्टाशी ताडायची असेल तर ठाण्यात, आजच्या पालघरची दहा वर्षांची वाढ पाहायची असेल तर पालघरमध्ये. तालुक्याच्या ओळीवर 'तेव्हाचा जिल्हा' आणि 'आताचा जिल्हा' असे दोन कॉलम ठेवा. विक्री प्रतिनिधीचा विभाग बदलतो तेव्हाही नेमका हाच प्रश्न उभा राहतो, आणि तिथे त्यावर माणसाचा इन्सेन्टिव्ह अवलंबून असतो. तो निर्णय मॉडेल बनवणाऱ्याने एकट्याने घेऊ नये.

१८. रिलेशनशिपचा फिल्टर दोन्ही दिशांनी सुरू केला की सगळं जुळतं. तसंच ठेवू का?

एका दृश्यापुरती (तक्ता किंवा आलेख) गरज असेल तर ती दिशा मेझरच्या आत उलटवा, रिलेशनशिपवर कायमची नको. दोन्ही दिशा सुरू राहिल्या की एका टेबलातून दुसऱ्यात जायला एकाहून अधिक वाटा तयार होतात आणि इंजिन कोणती घेईल ते वाचणाऱ्याला कळत नाही. नवं टेबल जोडल्यावर जुना आकडा बदलला, तर संशय आधी इथे घ्या.

१९. प्रतिनिधीला फक्त त्याचा विभाग दिसावा म्हणून नियम लावला, तरी त्याला सगळं दिसतंय. का?

त्याला वर्कस्पेसमध्ये, म्हणजे रिपोर्ट ठेवण्याच्या सामायिक ऑनलाइन जागेत, ॲडमिन, मेंबर किंवा काँट्रिब्युटर केलेलं असणार. या तिघांना ओळींवरचे नियम लागू होत नाहीत, फक्त व्ह्यूअरला होतात. पाहणाऱ्यांना ॲपमधून किंवा व्ह्यूअर म्हणूनच प्रवेश द्या.

डेस्कटॉपवरच्या 'व्ह्यू ॲज' (दुसऱ्या भूमिकेतून पाहा) या सोयीने नियमाचं सूत्र तपासता येतं, प्रवेशाची मांडणी नाही. त्यासाठी खऱ्या खात्याने उघडून पाहावं लागतं. निदान चौघांचं पाहा: एका विभागाचा माणूस, दोन विभाग सांभाळणारा, नुकताच विभाग बदललेला आणि कोणत्याच भूमिकेत नसलेला. दोन भूमिकांमध्ये असलेल्याला दोन्हींची बेरीज दिसते, छेद नाही. अनेकांचा अंदाज इथेच चुकतो.

२०. प्रतिनिधीला कंपनीच्या एकूण विक्रीतला त्याचा वाटा दाखवायचाय, पण तो नेहमी १०० टक्केच येतो.

प्रश्न १९ मधला नियम सूत्राने उठवता येत नाही. सगळे फिल्टर काढा असं मेझरमध्ये लिहिलं तरी इंजिनापुढे त्याच्या विभागाच्याच ओळी असतात, म्हणून भाजकही तोच येतो. कंपनीच्या महिनावार बेरजांचं एक वेगळं छोटं टेबल बनवा, त्याला फक्त तारखांशी जोडा आणि नियमाच्या कक्षेबाहेर ठेवा. त्याआधी ही एकूण बेरीज सगळ्यांना दिसलेली चालते का, हे मालकांना विचारून घ्या.

२१. ही सगळी तपासणी दर वेळी हाताने करायची का?

पहिल्यांदा हाताने, नंतर नाही. डेस्कटॉपमधल्या डॅक्स क्वेरी व्ह्यूमध्ये तपासणीच्या क्वेरी लिहून मॉडेलसोबत जपून ठेवता येतात. डॅक्सच्या क्वेरी चालवणारं डॅक्स स्टुडिओ फुकट आहे. मॉडेलमध्ये बदल करण्याचं साधन असलेल्या टॅब्युलर एडिटरची दुसरी आवृत्तीही फुकट असून तिच्यातला बेस्ट प्रॅक्टिस ॲनालायझर मांडणीतले दोष शोधून देतो. प्रोजेक्ट स्वरूपात जतन केलं तर मॉडेल साध्या मजकुराच्या फाइलींत उतरतं. मग कोणी कोणतं मेझर कधी बदललं हे गिट या बदलांची नोंद ठेवणाऱ्या साधनात दिसतं. फॅब्रिक हे मायक्रोसॉफ्टचं मोठं डेटा-व्यासपीठ असेल तर त्यातल्या नोटबुकमधून (कोड लिहिण्याच्या पानातून) सिमँटिक लिंक या सोयीने मेझरची उत्तरं काढून अपेक्षित आकड्यांशी रोज ताडता येतात.

फॅब्रिक नसेल तर प्रश्न ७ मधलं टेबल आणि लपवलेलं पान एवढ्यावरही उत्तम काम चालतं.

२२. रिपोर्ट हळू उघडतो. मॉडेल दोषी की इंटरनेट?

परफॉर्मन्स ॲनालायझर सुरू करून पान ताजं करा. प्रत्येक दृश्याचा वेळ डॅक्समध्ये गेला की ते रंगवण्यात, हे वेगळं दिसतं. डॅक्समध्ये जात असेल तर सर्वात जास्त वेगळी मूल्यं असलेले कॉलम पाहा: सेकंदासह वेळ, लांब शेरे, कोणी न वापरणारे जीयूआयडी (यंत्राने दिलेले लांब ओळखक्रमांक). तारीख आणि वेळ वेगळे केले किंवा वेळ काढूनच टाकली, तरी मॉडेल बरंच लहान होतं. प्रो परवान्यावर एका मॉडेलला १ जीबीची मर्यादा आणि दिवसाला ८ ठरलेले रिफ्रेश मिळतात. लागोपाठ ४ रिफ्रेश फसले तर वेळापत्रकच बंद पडतं, तेव्हा फसल्याची मेल दोघांना जाईल असं पाहा.

२३. कोपायलटला (मायक्रोसॉफ्टच्या एआय मदतनीसाला) साध्या भाषेत विचारलं की कधी बरोबर उत्तर येतं, कधी चूक. त्यावर विसंबावं का?

व्याख्या लिहिलेल्या नसतील तर नाही. मॉडेलमध्ये 'रक्कम', 'रक्कम १' आणि 'नेट' असे तीन कॉलम उघडे असतील, तर नव्या माणसालाही कोणता घ्यायचा ते कळत नाही, यंत्राला कुठून कळणार? न लागणारे कॉलम लपवा, मेझरना वर्णनं लिहा, लोक बोलताना जे शब्द वापरतात ते समानार्थी म्हणून द्या. मग बैठकीत खरोखर विचारले जाणारे वीस-पंचवीस प्रश्न आणि त्यांची प्रश्न ७ च्या पद्धतीने पडताळलेली उत्तरं यांची यादी करा. मॉडेलमध्ये बदल झाला की ती पुन्हा चालवा. आकडा चुकला यापेक्षा त्याने कोणतं मेझर निवडलं, हे पाहणं जास्त उपयोगाचं.

२४. कॉलमची आणि मेझरची नावं मराठीत ठेवली तर चालतात का?

चालतात. क्षेत्रावरची माणसं मराठीत बोलत असतील तर जरूर ठेवा, वापर वाढतो. महिने मात्र अक्षरानुक्रमे लागतात आणि एप्रिलनंतर थेट ऑक्टोबर येतो, म्हणून महिन्याच्या नावाला आर्थिक वर्षातल्या क्रमांकाने क्रमवारी द्या: एप्रिल १, मार्च १२. इंग्रजी आणि मराठी दोन्ही हवं असेल तर मॉडेलमध्ये भाषांतरांची सोय आहे. दोन मॉडेल बनवू नका.

२५. मेझरचं नाव किंवा व्याख्या बदलली तर जुने रिपोर्ट मोडतील का?

नाव बदललं तर त्याच फाइलमधली पानं सांभाळली जातात, पण त्या मॉडेलला बाहेरून जोडलेले रिपोर्ट आणि एक्सेल पिव्हट तुटतात. आधी सर्व्हिसमधलं इम्पॅक्ट ॲनालिसिस उघडून कोणकोण अवलंबून आहे ते पाहा आणि त्यांना कळवा.

व्याख्येचा बदल जास्त धोक्याचा, कारण काहीच तुटत नाही. आकडा गुपचूप बदलतो. समजा १ एप्रिलपासून गाडीभाडं विक्रीतून वगळायचं ठरलं. जुन्या मेझरला हात लावू नका. नवं मेझर स्वतंत्र नावाने बनवा, वर्णनात तारीख आणि निर्णय कोणाचा ते लिहा, एक पूर्ण महिना दोन्ही शेजारी दाखवा आणि फरक गाडीभाड्याच्या लेजरइतकाच येतो का ते पडताळा. हिशोब विभागाने होकार दिला की जुनं मेझर लपवा. पुसायचं ते वर्षाचं ऑडिट उरकल्यावर.